वाढत्या मुलांची कंबर किती वाकते: धारूर तालुक्यातल्या एका शाळेतल्या प्रकल्प नोंदी

२४ जून

मुख्याध्यापक आणि क्रीडाशिक्षक दोघांशी बोलणं झालं. परवानगी मिळाली, वर एक रिकामी खोलीही मिळाली. गाव बालाघाटाच्या उतारावरचं आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे याच वहीत लेकरांची मापं येणार. वर्ग पाचवी ते दहावी. प्रश्न एवढाच: वाढीच्या वयात कमरेचा खालचा भाग किती वाकतो, आणि वर्षभरात त्यात काही फरक पडतो का.

क्रीडाशिक्षक सरांकडे आकडे आधीपासून आहेत. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत मोठ्या मुलांसाठी उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर, पोटाची आणि हाताची ताकद यांच्याबरोबर 'सिट अँड रीच'ही घेतात. पाय लांब करून बसायचं, तळवे खोक्याला टेकवायचे आणि खोक्यावरच्या पट्टीवर बोटं जमतील तितकी पुढे सरकवायची. सरांनी रजिस्टर पुढे केलं. "बघा मॅडम, पाचवीतली लेकरं गपकन वाकतात. आठवी-नववीच्या पोरांच्या कमरा पार आखडल्यात. मोबाइल, दुसरं काय!"

आकडे खरोखरच आठवी-नववीत खाली येतात. पण त्या रजिस्टरात कंबर मोजली गेली आहे असं मला वाटत नाही. प्रकल्प इथूनच सुरू करायचा.

२८ जून

शाळेचं खोकं पाहिलं. गावातल्या सुताराने केलेलं, मजबूत, पट्टी नीट बसवलेली. तळव्यांची रेष २३ सेंटिमीटरवर येते. रेष कुठे आहे हे लिहिल्याशिवाय या चाचणीच्या आकड्याला अर्थ नाही. युरोपातल्या युरोफिट पद्धतीत ती १५ वर असते, अमेरिकेतल्या फिटनेसग्रामच्या खोक्यावर २३ वर, कॅनडाच्या पद्धतीत २६ वर. तेच लेकरू, तेच वाकणं, पण एका खोक्यावर १५ आणि दुसऱ्यावर २६. इंटरनेटवरून एखादा तक्ता उतरवायचा आणि आपल्या मुलांचे गुण त्याला लावायचे, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. रेषेकडे कुणी पाहत नाही.

ही चाचणी १९५२ मध्ये वेल्स आणि डिलन या दोघींनी मांडली, ती पाठ आणि पाय दोन्हींच्या लवचिकतेसाठी. पुढे वाकताना घोटे, मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू, ओटीपोटाचं हाड, कमरेचे मणके, पाठीचे मणके, खांदे असं सगळं थोडं थोडं हलतं. खोक्यावर दिसते ती त्यांची बेरीज. शिवाय हात लांब असले की आकडा वाढतो आणि पाय लांब असले की घटतो. या चाचणीची पारख करणारे अभ्यास बरेच झाले. त्यांतून निघालं ते असं, की तिचा हॅमस्ट्रिंगशी संबंध मध्यम आणि कमरेच्या मणक्यांशी फारच क्षीण. तरी शाळांच्या प्रगतिपत्रकात 'कमरेची लवचिकता' याच आकड्यावरून लिहिली जाते.

खोकं टाकून द्यायचं नाही. सरांची जुनी रजिस्टरं त्याच्यामुळेच कामाची आहेत.

३ जुलै

कंबर वेगळी मोजायची तर टेप लागणार. पद्धत पॉल शोबर या जर्मन डॉक्टरांची, १९३७ ची. कमरेचा शेवटचा मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्या सांध्यावर एक खूण करायची, तिच्या वर १० सेंटिमीटरवर दुसरी, मग माणसाला पुढे वाकवायचं आणि खुणांमधलं अंतर किती वाढलं ते पाहायचं. मणके उघडतात तशी कातडी ताणते, आणि टेप ते ताणणं मोजतो.

या पद्धतीत पुढे दोन सुधारणा झाल्या. १९६९ मध्ये मॅक्रे आणि राइट यांनी खालची खूण सांध्याच्याही ५ सेंटिमीटर खाली नेली, म्हणजे उभं असताना एकूण अंतर १५. त्यांनी ही मापं एक्स-रेशी ताडून पाहिली होती. पण तो सांधा बोटांनी चाचपून नेमका सापडणं अवघड, आणि गुबगुबीत लेकराच्या पाठीवर तर फारच. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या व्हान आड्रिकेम आणि व्हान डेर कोर्स्ट यांनी सोपी वाट काढली. कमरेखाली दोन्ही बाजूंना ज्या खळ्या पडतात त्या जोडणारी आडवी रेष ही खालची खूण, आणि तिच्या वर १५ सेंटिमीटर. त्यांनी हे काम मुलं आणि किशोरांवरच केलं होतं. खळ्या बहुतेकांच्या दिसतात, नाही दिसल्या तरी तिथलं हाड बोटाला लागतं. हीच पद्धत घेतली.

खुणेसाठी भुवयांची पेन्सिल. बॉलपेन टोचतं आणि घामाने फिसकटतं. मार्कर दोन दिवस जात नाही, मग घरी चौकशी.

६ जुलै

संमतिपत्रं. आशाताईंबरोबर वस्तीवर गेले. पालकांची सही किंवा अंगठा, आणि लेकराचा स्वतःचा होकार वेगळा विचारायचा. एक आजी फॉर्म हातात घेऊन बराच वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "लेकराच्या पाठीवर काय लिहायलात बाई?" टेप काढला आणि आशाताईंच्या पाठीवर पदरावरूनच दाखवलं. मग आजी स्वतःच उठून वाकून दाखवायला लागल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्या असतील, आणि गुडघे ताठ ठेवून बोटं पार जमिनीला. ऊसतोडीत उमर गेली म्हणाल्या.

मुलींची मापं मी घेणार आणि खोलीत शाळेच्या बाई असणार. मुलांची मापं माझा इंटर्न घेणार.

११ जुलै

आज फक्त सराव. शिंप्याचा कापडी टेप स्टीलच्या पट्टीवर धरून पाहिला. ताण दिला की चांगला लांबतो. बाद. फायबर ग्लासचा घेतला.

मी आणि इंटर्न दोघांनी तीच मुलं वेगवेगळी मोजली. एकाने केलेली खूण पुसायची, दुसऱ्याने नव्याने करायची, आकडे एकमेकांना दाखवायचे नाहीत. मग प्रत्येक मुलाच्या दोन आकड्यांतल्या फरकाचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज घ्यायची, तिला मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. मोजणाऱ्याची चूक इतकी. आमची साधारण अर्धा सेंटिमीटर आली. याचा अर्थ, एकाच मुलाच्या दोन मोजण्यांत जवळपास १.४ सेंटिमीटरच्या आत फरक दिसला तर 'बदल झाला' म्हणायचं नाही. हा आकडा मोजणीच्या तक्त्यावर लाल अक्षरांत लिहून ठेवला. सहा महिन्यांनी आपल्याला हवा तसा फरक दिसला की तो खरा मानायचा मोह होतोच.

वेळही ठरवली. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून सकाळी उठल्या उठल्या माणूस किंचित उंच असतो आणि कंबर कमी वाकते. तेव्हा प्रार्थनेनंतर लगेच मोजायचं नाही. आणि खिचडीनंतर तर नाहीच नाही, सरावात एका पाचवीतल्या पोराने त्याची खात्री करून दिली. दोन तास वर्गात बसून झाल्यावर आणि मधल्या सुट्टीच्या आधी, हीच वेळ दर फेरीला पाळायची.

१९ जुलै

पहिली फेरी सुरू. शर्ट उलटा घालायचा, बटणं पाठीवर. ही युक्ती बाईंची. खालची तीन-चार बटणं उघडली की काम होतं, मुली अवघडत नाहीत.

गुदगुल्या हा मोठाच अडथळा. खूण करताना लेकरू आक्रसलं की खळ्यांची रेष सरकते. आधी तळहात पाठीवर थोडा वेळ ठेवला तर बरं जातं. वाकताना मुलं झटका देतात. ही शर्यत नाही हे सांगून उपयोग नाही, रांगेतले बाकीचे "अजून, अजून" ओरडत असतात. रांग व्हरांड्यात हलवली. सूचना एकच आणि तीच: गुडघे ताठ, हनुवटी छातीकडे, हळूहळू खाली, थांब.

प्रत्येकाची नोंद अशी: जन्मतारीख, वजन, उंची, बैठी उंची, हातांचा पल्ला, खोक्यावरचा आकडा, टेपचा आकडा. बैठ्या उंचीसाठी सपाट लाकडी खोकं भिंतीला लावलं. उभ्या उंचीतून बैठी वजा केली की पायांच्या लांबीचा अंदाज मिळतो.

२ ऑगस्ट

पहिल्या फेरीचे कागद पसरून बसले. सरांच्या रजिस्टरासारखंच चित्र: खोक्याचा आकडा आठवी-नववीच्या मुलांत खाली. टेपचा आकडा मात्र त्याच मुलांत खाली आलेला नाही.

इथे घाई करता येत नाही, कारण टेपचाही एक दोष आहे. १५ सेंटिमीटर सगळ्यांना सारखेच लावले, पण पाठी सारख्या नाहीत. पाचवीतल्या बुटक्या मुलीच्या पाठीवर १५ सेंटिमीटर वर गेलं की कमरेचे मणके संपून छातीच्या मणक्यांचा भाग येतो. दहावीतल्या उंच मुलाच्या पाठीवर तेच १५ कमरेतच संपतात. पाचवीतल्या मुलीचं १५ चं २१ आणि दहावीतल्या मुलाचं १५ चं २१ ही दोन वेगळी मापं आहेत. मोठ्या माणसांत १५ चे निदान २० व्हायला हवेत असा ठोकताळा दवाखान्यात वापरतात. तो शाळकरी मुलांवर तसाच लादणं मला पटत नाही.

दोन उपाय. एक, वर्गाची वर्गाशी तुलना करायचीच नाही, ज्याची त्याच्याच मागच्या आकड्याशी करायची. दुसरा, काही मुलांत कोनही मोजायचा. कोनमापक एकदा कमरेच्या वरच्या टोकाला आणि एकदा खळ्यांच्या मध्ये, आधी उभं असताना आणि मग वाकल्यावर. वरच्या कोनातून खालचा वजा केला की राहतो तो निव्वळ कमरेचा कोन. खालचा कोन ओटीपोटाचं हाड किती झुकलं ते सांगतो, आणि तिथेच हॅमस्ट्रिंग आडवे येतात. कोनाला पाठीच्या लांबीचं देणंघेणं नाही. मोबाइलमधल्या लेव्हल ॲपवर काम भागतं, फक्त मोबाइलचं कव्हर काढायचं आणि कडा पाठीला सपाट टेकवायची.

दोन्ही कोन घेतल्यावर गोष्ट उघड दिसते. आठवीतल्या बऱ्याच मुलांचा कमरेचा कोन चांगला आहे, ओटीपोटाचं हाडच फार झुकत नाही. सरांना कागदावर आकृती काढून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे कंबर नाही, मांडीमागच्या शिरा." बरोबर. आणि पायांची लांबी. त्यावर त्यांचा लगेच प्रश्न: मग पायांची लांबी काढून टाकता येत नाही का? येते. अमेरिकेतल्या होगर यांनी १९९० च्या सुमारास तशी पद्धत सुचवली. आधी पाठ भिंतीला टेकवून बसायचं, हात पुढे करायचे, बोटं जिथे पोचतील तोच त्या मुलाचा शून्य, तिथून पुढे किती सरकतो ते मोजायचं. लांब पायांचा तोटा बराचसा निघून जातो. सरांनी पट्टी सरकती करून घ्यायचं मनावर घेतलं आहे.

२६ ऑगस्ट

एका मुलाची कंबर टेपवर जेमतेम ३ सेंटिमीटर उघडली. पुन्हा मोजलं, इंटर्ननेही मोजलं, तेच. विचारलं तर सकाळी उठल्यावर पाठ लाकडासारखी असते आणि खेळायला लागलं की मोकळी होते म्हणाला. टाचाही दुखतात. शाळेत सगळे त्याला आळशी समजत होते. शोबर यांची चाचणी मुळात अशाच रुग्णांसाठी कामाला येते, मणक्याच्या सांध्यांना सूज आली की ती पकडायला. वडिलांशी बोलले आणि अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. पुढचा तपशील या वहीत लिहिणार नाही.

शिक्षकांसाठी भिंतीवर कागद लावला. रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं, ताप किंवा वजन घटणं, पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा जाणं, मणक्यावर उंचवटा दिसणं, आठवडेच्या आठवडे न थांबणारं दुखणं: यांतलं काहीही असेल तर ताणाचे व्यायाम नाहीत, आधी डॉक्टर. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे, ही ओळ अधोरेखित केली.

१६ सप्टेंबर

उद्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. आठवडाभर कवायतीचा आणि लेझमीचा सराव चालला आहे, निम्मे तास मैदानावरच. मोजणी बंद. तेवढ्यात इंटर्नने गंमत म्हणून कवायतीतून आलेल्या चार पोरांना खोक्यावर बसवलं. चौघांचेही आकडे जुलैपेक्षा वर. अंग गरम, शिरा ताणलेल्या, वर जायचेच. वहीत घेतले नाहीत. पण चाचणीच्या आदल्या तासाला मैदान असेल तर शाळेची 'प्रगती' एका दिवसात कशी दाखवता येते, तेही यातून कळलं.

खो-खोच्या संघातली एक मुलगी उभ्याने वाकून दोन्ही तळहात जमिनीवर सपाट टेकवते. सर तिचं उदाहरण सगळ्यांना देतात. तिचा अंगठा मनगटाकडे वळवून पाहिला, करंगळी मागे, कोपर, गुडघे. सांध्यांचा सैलपणा मोजणाऱ्या बेटनच्या नऊ गुणांत सात. म्हणजे सांधे मुळातच सैल. तिला आणखी ताणाची गरज नाही, ताकदीची आहे. सरांना ते पटायला वेळ लागला. ती कधी घोटा मुरगळून बसली होती का, असं विचारलं तेव्हा त्यांनीच मागच्या हंगामातल्या दोन वेळा सांगितल्या.

९ ऑक्टोबर

वेळापत्रक मोडलं, आणि ते मोडणार हे इथे सगळ्यांना ठाऊक होतं. ऊसतोडीच्या मुकादमांनी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटली आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघायला लागतील, दिवाळीनंतर गाव निम्मं रिकामं. कोयत्याबरोबर लेकरंही जातात: पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. फेरी जानेवारीत ठरली होती. जाणाऱ्यांची मोजणी आताच उरकली.

तीन महिन्यांच्या अंतराला फारसा अर्थ नाही. उंचीतला फरक मोजणीच्या चुकीत बुडून जातो, वाढीचा वेग काढायला सहा महिने तरी हवेत. पण कोरा रकाना ठेवण्यापेक्षा हे बरं. प्रत्येक लेकराला पुठ्ठ्याचं कार्ड दिलं: तारीख, उंची, बैठी उंची, टेप, खोकं. आईला सांगितलं, आधार कार्डाबरोबर ठेवा.

जे पालक हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांपाशी लेकरं ठेवून जाणार, त्यांची यादी बाईंनी केली. अभ्यासाच्या दृष्टीने ही चाळणी वाईट आहे. जानेवारीत मोजली जाणारी मुलं म्हणजे मागे ठेवता येण्यासारखी मुलं. उसाच्या फडात मोळ्या बांधणाऱ्या, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीची कंबर नेमकी त्याच काळात मोजलेली नसणार. अहवालात हे पहिल्या पानावर लिहायचं, मर्यादा म्हणून शेवटी नाही.

२३ जानेवारी

दुसरी फेरी. पट अर्धा. काम भराभर झालं.

आठवीतला एक मुलगा नोंदीसाठी घेते. जुलै ते जानेवारी उंची ४ सेंटिमीटर वाढली, बैठी उंची १. म्हणजे ३ सेंटिमीटर वाढ पायांत. खोक्यावर १९ वरून १६. टेपवर १५ चं २१.५ होतं, आता २१.६. कोनातही फरक नाही. रजिस्टर म्हणेल याची कंबर आखडली. कंबर आहे तिथेच आहे, तळवे लांब गेले. वयात येताना आधी पाय वाढतात आणि धड मागून गाठतं. मुलींत वाढीचा जोर बाराव्या वर्षाच्या आसपास असतो, मुलांत चौदाव्याच्या. सरांच्या रजिस्टरातला उतार मुलांच्या आठवी-नववीतच का पडतो, त्याचा निदान एक भाग इथे आहे.

सगळाच उतार पायांच्या लांबीचा असं मी लिहिणार नाही. या वयात हाड भराभर वाढतं आणि स्नायू मागे राहून ताणले जातात, हे आमच्या वर्गात शिकवतात आणि क्रिकेटच्या अकादमीपासून योगवर्गापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पण १९९९ मध्ये मॉन्ट्रियलच्या शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उंचीच्या वाढीचा आणि लवचिकता घटण्याचा संबंध सापडला नव्हता. होगर यांच्या पद्धतीने घेतलेले आकडे पाहिले तर काही मुलांत थोडी घट उरते, काहींत उरत नाही. आमच्या १.४ च्या लाल रेषेपलीकडे जाणारे फारच थोडे. यावरून कुठलाच पक्ष घेता येत नाही.

दप्तरांची वजनंही आज केली, कारण पालकसभेत तोच प्रश्न येतो. २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा आहे. बरीच दप्तरं तिच्या वर. पण दप्तराचं ओझं आणि कमरेचं वाकणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हा आकडा सभेला वेगळा द्यायचा, या तक्त्यात घुसडायचा नाही.

१२ फेब्रुवारी

पालकसभा. गर्दी कमी, म्हाताऱ्यांची जास्त. एकाने विचारलं, कंबर चांगली आहे तर मग पोरगा पुढे वाकत का नाही? मांडीमागच्या शिरांचा ताण दाखवला: उताणं झोपून एक पाय दाराच्या चौकटीला लावायचा, गुडघा सरळ, दुखेपर्यंत नाही. झटके द्यायचे नाहीत, कुणी पाठीवर बसून दाबायचं नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगितलं, मैदानावर तसं दाबताना पाहिलं आहे.

२२ एप्रिल

टोळ्या परतल्या. शाळेला सुट्टी लागायच्या आत त्यांची मोजणी. बरीच कार्डं परत आली. एकावर उसाचा रस सांडलेला, एकाच्या मागे कुणाचा तरी फोन नंबर आणि टनाचा हिशेब. मापं वाचता येतात.

जुलै ते एप्रिल असं अंतर धरलं की वाढीचा वेग निघतो, पण बाकीच्यांचं अंतर सहा महिन्यांचं. दोन्ही गट एका तक्त्यात टाकायचे नाहीत, दर महिन्याचा वेग काढून शेजारी शेजारी ठेवायचे. सरांची सरकती पट्टी तयार आहे. नव्या रजिस्टरात त्यांनी 'लवचिकता' हा रकाना मोडून तीन केले: खोक्यावरचा पल्ला, टेप, बैठी उंची. गुणांचा रकाना वरच्या कार्यालयाला लागतो म्हणून तोही ठेवावा लागला.

पुढची फेरी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, खिचडीच्या आधी. टेप पुन्हा स्टीलच्या पट्टीवर तपासायचा. दहावीतून गेलेल्या मुलांचे पत्ते बाईंकडून घ्यायचे, त्यांतले बरेच आता धारूर आणि केजला कॉलेजात जातील.